विहिरीतलं इंजन

आमच्या घरातली मोठी करवत ओढायला दोन माणसं लागायची. माझे वडील सुतार होते आणि त्यांना मुलगा नव्हता. आई मी लहान असतानाच गेली होती. माझा नवरा तापाच्या साथीत वारला, सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं, आणि दुसऱ्या महिन्यापासून करवतीचं दुसरं टोक माझ्या हाती आलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नांदूरघाटाहून दोन कोसांवरचं आमचं गाव, मुलूख निजामाचा. सुताराची पोर बाप्याचं काम करते, असं बायका पाणवठ्यावर बोलत. मी एकदा रडत रडत ते आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, "लाकडाला कुठं कळतं, कोन ओढतंय ते?"

पहिल्या दिवशी मी सगळा जोर लावून करवत दाबायला लागले. हाताला फोड आले. आबा हसले नाहीत. "दाबू नको, माय," म्हणाले. "करवत तिच्या वजनानं कापती. तू तुझ्याकडं घे, मग सोडून दे. मी माझ्याकडं घेईन. सोडायचं शिकलीस की झालं."

आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एखादी वस्तू कशी चालते हे कळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागायचं नाही. गावात गाड्यांची चाकं, तिफणी, दारं-चौकटी त्यांनीच केलेल्या. देशमुखांच्या मोठ्या विहिरीवरचं मोटेचं चाकही त्यांचंच. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या काठावर दोन खांबांत लाकडी चाक बसवलेलं असतं. त्यावरून जाड दोर जातो. त्याला नाडा म्हणायचं. नाड्याच्या एका टोकाला कातड्याची मोठी पिशवी, म्हणजेच मोट, विहिरीत, दुसऱ्या टोकाला बैल. बैल उतारावरून खाली चालत गेले की पिशवी भरून वर येते. या उताराला धाव म्हणतात. बैलांनी दिवसभर धाव उतरायची आणि उलट्या पावली चढायची. देशमुखांच्या मोटेवर जो माणूस होता त्याला मी मामा म्हणायची. नात्यानं तो आमचा कुणी नव्हता. मेंढरं राखणाऱ्या घरातला, साथीत मेंढरं गेली म्हणून मोटेवर लागलेला. दिवसभर तो बैलांशी बोलायचा, माणसांशी फारसं नाही.

त्या साली दिवाळीनंतर देशमुखांनी बार्शीहून इंजन मागवलं. उसाला पाणी पुरत नव्हतं. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. तिथपर्यंत आगगाडी यायची, पुढं बैलगाड्या. चार गाड्यांतून इंजनाचे तुकडे निघाले. पहिल्या तीन गाड्या गावात पोचल्या. चौथीत इंजनाचं मोठं लोखंडी चाक होतं आणि गावाअलीकडच्या ओढ्यात तिचंच एक चाक मोडलं. गाडी एका अंगावर कलली. देशमुखांचा माणूस आबांना बोलवायला आला. आबांनी हत्यारं घेतली आणि मला म्हणाले, "चल."

ओढ्यात दहा-बारा माणसं गाडीला खांदे लावून उभी होती. घामानं न्हाली होती, पण गाडी तसूभर हलत नव्हती. आबांनी सगळ्यांना बाजूला केलं. ओढ्याच्या काठावर बाभळीचं एक लांब, सरळ खोड तोडून पडलं होतं, ते आणायला लावलं. गाडीपाशी एक सपाट धोंडा ठेवला, खोडाचं टोक आसाखाली सारलं आणि खोड धोंड्यावर टेकवलं. दुसरं टोक दहा हात लांब, आभाळाकडं वर गेलेलं.

"तू धर," मला म्हणाले. "लोंबकळ त्याला."

माणसं हसली. एकजण म्हणाला, "सुतार, बारा बाप्यांनी झालं न्हाई ते ही काडी उचलनार व्हय?"

"बाप्ये धोंडे सरकवायला पायजेत," आबा म्हणाले. "गाडी वर आली की आसाखाली धोंडे सारा. बोटं संबाळा."

मी खोडाला लोंबकळले. पाय जमिनीवरून सुटले. क्षणभर काहीच झालं नाही. मग खोड करकरलं आणि मी हळूहळू खाली यायला लागले. माझे पाय वाळूला लागले तेव्हा गाडी वर आली होती. हसणं थांबलं. धोंडे आत गेले.

"अंगात आलंय का काय पोरीच्या!" कुणीतरी म्हणालं.

घरी परतताना मी आबांना विचारलं, एवढा जोर कुठून आला? ते म्हणाले, "जोर तुझा हाय तेवढाच. तू दोन हात खाली आलीस, गाडी चारच बोटं वर आली. जोर कमी लावायचा तर वाट लांबची धरावी लागती. फुकट काई मिळत न्हाई, माय. मोटंचं बी तसंच. मानसाला सरळ वर ओढनं जड जातं, तर बैल उतारानं चालत न्यायचे. काम तेवढंच ऱ्हातं. आपन फकस्त ते आपल्याला जमंल तसं वाटून घेतो."

पुढं मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा हाच धडा पुस्तकात आला. तरफ, टेकू, कप्पी, उतरण, असे शब्द होते. मुलींना मी आबांच्याच शब्दांत सांगायची. ते कुणाचे शब्द आहेत हे मात्र कधी सांगितलं नाही.

इंजनाबरोबर बार्शीचा एक मिस्त्री आला होता. इंजन विहिरीच्या काठावर बसवायचं असं देशमुखांच्या मनात होतं; येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसलं पाहिजे. मिस्त्री म्हणाला, तसं चालणार नाही. पंप पाण्यापासून पंधरा हातांच्या वर ठेवला तर पाणी येणारच नाही. इंजन विहिरीत उतरवावं लागेल.

"कावून?" आबांनी विचारलं. "एवढं मोठं धूड, आन् त्याला पंधरा हातांच्या वरचं पानी ओढवत न्हाई?"

मिस्त्री माणूस चांगला होता. तो आबांच्या शेजारी बसला. बोरूएवढी एक पोकळ काडी तांब्यात धरून त्यानं पाणी तोंडानं वर घेतलं. म्हणाला, "आपल्याला वाटतं मी ओढतो. मी फक्त नळीतली हवा काढून घेतो. पाण्याच्या डोक्यावर बाहेरची हवा बसलेली असते, ती पाणी वर ढकलते. तिच्या अंगात जेवढा जोर, तेवढंच पाणी चढणार."

त्या रात्री आबा जेवत होते. मध्येच म्हणाले, "हवेला वजन आसतंय. एवढी वर्सं झाली, ध्यानातच आलं न्हाई."

विहिरीला एका अंगानं दगडी पायऱ्या होत्या. दहा हात खाली आबांनी सागाच्या तुळया विहिरीच्या भिंतीत रोवून माचण बांधलं. मी वर त्यांना तुळया कापून देत होते. माचणावर इंजन बसलं, त्याच्या चाकावरून पट्टा पंपाच्या चाकावर गेला, आणि इंजनाचा धूर बाहेर न्यायला एक लोखंडी नळी भिंतीला धरून विहिरीच्या वरपर्यंत आणली. ती नळी कशाला, हेही आबांनी विचारून घेतलं होतं. मला समजावून सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. "आपलं चाक, आपलं खोड, ही फकस्त जोर वाटून देत्यात. ह्ये तसं न्हाई. ह्ये खातं. तेल खातं, हवा घेतं, आन् आतल्या आत जाळून जोर काढतं. म्हंजी श्वास घेतं बघ. आत घेतलेला श्वास बाहेर टाकाया नळी."

इंजन चालू करायची मोठी तऱ्हा होती. आधी दिव्याच्या ज्योतीनं त्याचं डोकं तापवायचं, मग चाकाला हिसका द्यायचा. पहिल्या दिवशी सारा गाव विहिरीवर होता. तीन हिसके वाया गेले. चौथ्याला ते ठसकलं आणि मग ठोके द्यायला लागलं, एकसारखे, छातीत जाणवतील असे. थोड्या वेळानं नळाच्या तोंडातून पाणी आलं. मनगटाएवढं नव्हे, मांडीएवढं. लोकांनी एकच ओरडा केला. नारळ फुटले.

मामा धावेच्या खालच्या टोकाला बैलांजवळ उभा होता. मी त्याच्याकडं गेले. तो म्हणाला, "दम घेत न्हाई गं ते. मोट रिकामी खाली जाती तवा बैलांना दम मिळतो. ह्याला तेबी नगं." चार बैलांतले दोन देशमुखांनी पुढच्या बाजाराला विकले. मामाला उरलेल्या जोडीमागं वैरण वाहायच्या कामाला लावलं. मोट काढून टाकली. चाक आणि नाडा जागेवरच राहिले.

मिस्त्री पंधरा दिवस राहिला आणि आबांना सगळं शिकवून गेला. त्या हिवाळ्यात आबा जेवढे खुशीत होते तेवढे मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. अंगाला तेलाचा वास येई. झोपेतही ठोके मोजतात असं वाटे. रंध्याला, पटाशीला हात कमी लागू लागला. करवतीवर गंज चढला, तो मी राखेनं घासून काढला.

चैत्रात पाणी खाली गेलं. वैशाखात आणखी गेलं. पंप कोरडा पडायला लागला, तेव्हा आबांनी आठ हात खाली दुसरं माचण बांधून इंजन तिथं उतरवलं. आता धुराची नळी आठ हात तोकडी पडली. तिचं तोंड विहिरीतच उघडं राहिलं. देशमुखांनी बार्शीला नवी नळी सांगितली. पण लगीनसराई होती, गाड्या मिळत नव्हत्या. ऊस पिवळा पडत चालला होता.

आबांना ते पसंत नव्हतं. "त्याचा श्वास आतच ऱ्हातोय," ते देशमुखांना माझ्यादेखत म्हणाले. देशमुख म्हणाले, "आठ दिवसांचा तर प्रश्न हाय, सुतार. वारा आसला की चालवा, नसला की बंद ठेवा." देशमुख वाईट माणूस नव्हते. त्यांना कळलं नाही, एवढंच. आबांना थोडं कळलं होतं.

तीन दिवस तसंच चाललं. तिन्ही दिवस आबा घरी आले ते डोकं धरून. दुसऱ्या दिवशी उलटी झाली. वैशाखाचं ऊन, मला वाटलं, ऊन लागलं. मी कांदा फोडून नाकाशी धरला, कैरीचं पन्हं दिलं, कपाळावर ओला पंचा ठेवला. सकाळपर्यंत त्यांना बरं वाटायचं आणि ते पुन्हा जायचे. पुष्कळ वर्षांनी बार्शीच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, धुरात एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं हीच त्याची पहिली खूण. त्या दिवशी दवाखान्यातून शाळेपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आबा उठले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून होते. म्हणाले, "आज नगं वाटतंय." देशमुखांचा माणूस दोनदा येऊन गेला होता. मीच म्हणाले, "आबा, मालकांचं मानूस दोनदा आलं. तासभर चालवून या, मग आराम करा."

ते उठले. टोपी घातली. मी भाकरी बांधून घेऊन त्यांच्यामागं निघाले.

पान हलत नव्हतं. आबांनी विहिरीच्या काठावर उभं राहून धोतराचा सोगा वाऱ्यावर धरून पाहिला. तो सरळ खाली लोंबला. ते थोडा वेळ थांबले, उसाकडं बघितलं आणि उतरले. इंजन चालू झालं. पाणी आलं. मी पाटाच्या कडेला बसून राहिले. बराच वेळ ठोके एकसारखे पडत होते. मग मला पट्टा फडफडल्यासारखा आवाज आला. मी काठावरून हाक मारली, "आबा, पट्टा ढिला झालाय का?" उत्तर आलं नाही. आवाजात ऐकू जात नसेल असं वाटून पुन्हा मारली. मग वाकून पाहिलं. निळसर धुरात आबा माचणावर बसलेले दिसले, भिंतीला पाठ टेकून, मान एका बाजूला.

मी पायऱ्यांकडं धावले. चार पायऱ्या उतरलेही असेन. मागून कुणीतरी दंड धरून मला वर ओढलं. मामा होता. पलीकडं बैलांना चारत होता, माझा आवाज ऐकून आला होता.

"तू गेलीस तर तू बी बसशील तिथंच," तो म्हणाला. डोक्याचं मुंडासं पाटात बुडवून त्यानं नाकातोंडाला गुंडाळलं. नाड्याचं टोक कमरेला बांधलं. "बैल जोड. मी नाडा हिसकला की हाक."

मी कधी मोट हाकली नव्हती. बायका हाकत नसत. पण बैल ओळखीचे होते. मी त्यांना धावेच्या वरच्या टोकाला आणून नाडा जोडला. मामा खाली गेला. थोड्या वेळानं इंजनाचे ठोके अडखळले आणि थांबले. ती शांतता मला अजून ऐकू येते. मग नाड्याला हिसका बसला.

मोट हाकताना माणसाची पाठ विहिरीकडं असते. मी बैलांबरोबर धाव उतरत होते आणि मागं काय वर येतंय ते मला दिसत नव्हतं. दिसत होता फक्त ताणलेला नाडा, आणि ऐकू येत होतं आबांनीच घडवलेलं चाक फिरताना. पाण्याच्या मोटेपेक्षा ओझं हलकं होतं. बैलांना ते कळलं. ते भरभर चालले. मी त्यांना आवरत होते, हळू, हळू म्हणत होते. उसात निंदणाऱ्या दोन बाया ओरडत आल्या. त्यांनी काठावरून हात घालून आबांना बाहेर घेतलं. मी धावेच्या तळाशी होते. वर पळत आले तोवर त्यांनी आबांना उताणं निजवलं होतं. ओठ, गाल लालसर होते, ऊन लागलेल्या माणसासारखे. मला वाटलं जिवंत आहेत. मी कितीतरी वेळ त्यांच्या तोंडावर पाणी मारत राहिले.

मामाची आठवण त्या बायांनाच आली. त्यातली एक उतरली. नाडा आपल्या कमरेचा सोडून त्यानं आबांना बांधला होता; स्वतः वरच्या माचणापर्यंत चढून आला होता आणि तिथं पायरीवर पालथा पडला होता. तोवर जमलेल्यांनी मिळून त्याला वर आणलं. तो श्वास घेत होता.

केजहून पोलिसांचे अमीनसाहेब आले, पंचनामा झाला. उर्दूत लिहिलेल्या कागदावर माझा अंगठा घेतला. काय लिहिलंय म्हणून मी विचारलं. कारकुनानं सांगितलं, "विहिरीतल्या खराब हवेनं गुदमरून." गावात म्हणत होते, नव्या यंत्रानं बळी घेतला. देशमुख आमच्या दारात येऊन रडले. त्यांनी वर्षभराचे दाणे पाठवले आणि मी ते घेतले. दहाव्याच्या आदल्या दिवशी नळी आली. बार्शीच्या मिस्त्रीनं येऊन ती बसवली, आणि महिन्याच्या आत इंजन पुन्हा सुरू झालं. त्यात चूक काहीच नव्हती. ऊस वाळत होता. पण वारा आमच्या घराकडं असला की ठोके ऐकू यायचे आणि मी कवाड लावून घ्यायची. मिस्त्रीनं मला एकदाच विचारलं, "तोकडी नळी त्यांना कळली नव्हती का?" मी म्हणाले, कळली होती.

करवत मी विकून टाकली. घेणाऱ्यानं विचारलं, दुसरं टोक कोण धरायचं? मी पैसे मोजून घेतले.

मामा बरा झाला असं सगळ्यांना वाटलं. पंधरा-वीस दिवस तो कामालाही गेला. मग त्याच्यात फरक पडत गेला; त्या धुराचा परिणाम असा उशिराही दिसतो, हे मला पुढं डॉक्टरांकडूनच कळलं. चालताना पाय घसटायचा. बोलता बोलता शब्द हरवायचा. बैलांच्या जवळ जाऊन उभा राहायचा आणि कशाला आलो ते विसरायचा. एके दिवशी आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि मला म्हणाला, "सुतारदादा कुठं गेलेत? दिसत न्हाईत."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. मी म्हणाले, "मामा, आबा गेले. तुमीच तर काढलं त्यांना वर." तो माझ्याकडं बघत राहिला. मग आत्ताच कळल्यासारखा रडायला लागला, लहान लेकरासारखा, हुंदके देऊन. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आला, पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा खरं सांगितलं, तो पुन्हा तसाच रडला. तिसऱ्या खेपेला मला सांगवेना. म्हणाले, "कामाला गेलेत." तो समाधानानं मान हलवून निघून गेला.

पावसाळा संपल्यावर माझी मावशी मला न्यायला आली. ती बार्शीला राहायची. तिथं बायकांना लिहायला शिकवणारी एक शाळा होती. गाडी दारात उभी राहिली. सामान म्हणजे एक ट्रंक आणि आबांचा रंधा. मामा नेहमीप्रमाणं आला आणि गाडीचं चाक धरून उभा राहिला.

"सुतारदादा कुठं गेलेत?"

"बार्शीला, मामा. मिस्त्रीकडं."

"आन् तू कुठं निघालीस?"

"बार्शीलाच."

त्याचा चेहरा उजळला. "बरं करतीस, पोरी," तो म्हणाला. "त्यांना लई करमत नसंल तिथं एकलं." त्यानं चाकावरचा हात काढला, गाडीवानाला म्हणाला, "हाक बे," आणि गाडी हलली. मी खाली मान घालून बसले. मावशीनं विचारलं, कोण गं हा? मी म्हणाले, माझा मामा.